नूपुरसाठी तळमजला

॥ श्री ॥

वाडी, नागपूर
८ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप सुमतीआत्यास,
विहंगचे सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. तुझे गुडघे या थंडीत फार छळत नसतील अशी आशा.

वाडीहून सक्करदऱ्याला यायला तास लागत नाही, तरी मी तिकीट लावून पत्र टाकतो, याचे ऑफिसात सगळ्यांना हसू येते. पण बाबांनी नातीसाठी केलेल्या ट्रस्टच्या कागदातच लिहून ठेवले आहे. नूपुरच्या पैशांतून काही हवे असेल तर आईवडिलांनी हाताने पत्र लिहून मागावे आणि दोघा विश्वस्तांनी पत्रानेच उत्तर द्यावे. फोनवर काही ठरवू नये. आपल्या घरात फोन भांडणावर संपतो हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तर मागणे असे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला आहे. दारे रुंद आहेत, समोर फरसबंद मोकळी जागा आहे, फाटकापर्यंत एकही पायरी नाही. तो ट्रस्टमधून घ्यावा अशी माझी आणि काजलची विनंती आहे. थोडे कर्ज मी काढीन. घर माझ्या नावावर घेतले तर कर्ज लवकर होईल, असे बँकेतला माणूस म्हणाला. काजलच्या बाबांनाही कुहीला असेच पत्र टाकले आहे, कारण तुम्हा दोघांच्या सह्यांशिवाय काही हलत नाही.

नूपुर मजेत आहे. खुर्चीत बसून तिने तिळाच्या वड्या थापल्या, त्या संक्रांतीला पाठवतो.

लोभ आहेच, सहीपुरता थोडा जास्त असावा.

तुझा,
विहंग

॥ श्री ॥

सक्करदरा
१६ जानेवारी २०२५

चि. विहंग यास सुमतीआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले, वड्याही पावल्या. एक दगडासारखी होती, ती तुझ्या हातची असणार.

माझी सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. दोन कागद शेजारी ठेवून वाचायची सवय काही सुटत नाही. तुझे आताचे पत्र आणि दिवाळीचे खुशालीचे पत्र मी शेजारी ठेवले. दिवाळीला तू लिहितोस की नूपुर मजेत आहे, शाळा छान चालली आहे, तिसऱ्या मजल्यावर वारा भरपूर आहे आणि जिन्याची तर आता सवयच झाली. त्याआधी अक्षय्य तृतीयेलाही हेच. मग मला सांग, सारे इतके छान आहे तर तळमजला कशाला? तिचे पाय जन्मापासून तसेच आहेत, जिनाही तोच आहे. मधे झाले काय?

आणि पैसे नूपुरचे, तर नाव तुझे का? संशय घेत नाही, मला आपले कुतूहल आहे. पण तू मित्राबरोबर कुलर भाड्याने द्यायचा धंदा काढला होतास आणि ऐन मे महिन्यात सगळे कुलर गोडाऊनमध्ये पडून होते, हे मी विसरलेली नाही. तुझे पैसे तू हवे तसे उडव. तिचे मी कसे उडू देऊ?

सही सध्या करत नाही. माझ्या प्रश्नांची उत्तरे पाठव. काजलला आशीर्वाद, नूपुरला गोड पापा.

रागावलास तरी लोभ ठेव, मी तरी ठेवणार आहे.

सुमतीआत्या

॥ श्री ॥

वाडी
२१ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागाच्या भरात लिहितो आहे, शब्द इकडेतिकडे झाला तर क्षमा कर.

मी नूपुरचा बाप आहे. तिला काय हवे ते मला कळते, की वर्षातून दोनदा येऊन खाऊ देणाऱ्यांना? दाराची रुंदीसुद्धा मी तुम्हाला लिहून कळवायची आणि तुम्ही कुलर काढायचे! मी कर्ज काढायला तयार आहे, तरी हिशेबनीस समजून माझी चौकशी.

खरे सांगू, मला तुझा राग नाही, बाबांचा आहे. त्यांनी एका बाजूने तुला नेमले, दुसऱ्या बाजूने काजलच्या बाबांना नेमले आणि मधला पोटचा मुलगा सोडून दिला. का? मी काय असे केले होते? चार वर्षे झाली त्यांना जाऊन, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तुला उत्तर ठाऊक असेल तर लिही. नसेल तर मी वकिलाला विचारून कोर्टातून परवानगी काढीन.

इकडे सर्व ठीक आहे.

लोभाचे नंतर बघू.

विहंग

॥ श्री ॥

सक्करदरा
२५ जानेवारी २०२५

रा. रा. शालिकरामजी यांस,
स. न. वि. वि.

आपण दोघे एका पोरीचे विश्वस्त, पण विहंग-काजलच्या लग्नानंतर आपले बोलणे झाले ते फक्त बँकेत सह्या करताना. आज आपण होऊन लिहिते आहे.

विहंगचे पत्र तुम्हालाही आले असेल. मी नाही म्हटले, तर तो कोर्टाची भाषा करतो आहे. त्याचा राग मला नवा नाही. नवे हे आहे की मी सरळ विचारले, मधे झाले काय, आणि त्याने पानभर रागावून नेमके तेवढेच सांगितले नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. नूपुर फोनवर भेटली की शाळेतली काही ना काही गंमत सांगायची. कोणाचा डबा कोणी खाल्ला, बाई कोणावर ओरडल्या. दिवाळीपासून अशी एकही गंमत मला आठवत नाही. तुम्हाला आठवते का? तिने तुम्हाला शाळेतले शेवटचे काय सांगितले?

म्हातारीचे खूळ म्हणा, पण कळवा. व्याह्यांचा लोभ आजवर वापरलाच नाही, तो शिल्लक असेल असे धरून चालते.

सुमती

कुही
३ फेब्रुवारी २०२५

विहीनबाई सुमतीबाईले शालिकरामचा राम राम जी.

मी बोलतो तसाच लिवतो, हसू नका.

मी बी जवाईबुवाले नाहीच म्हननार होतो. माह्या मनात होतं का पोरीले कुहीलेच आनावं, आपलं आंगन मोठं हाय. पन तुमचं पत्र वाचलं अन् आठवून पाह्यलं, तं शाळेची एक बी गोष्ट आठवेना. मंग जीव लागेना.

काजलनं माह्या मनाविरुद्ध लगन केलं. तवापासून ते मले कवाच कमी हाय असं दिसू देत नाही. सांगून गेलो का घर कसं चकचकीत राह्यते. म्हनून न सांगता गेलो. चिन्नोर तांदळाचा कट्टा घेतला खांद्यावर अन् वाडीले पोचलो.

जवाई पलंगावर पडून होते, कमरेले पट्टा. दिवाळीच्या पयले पोरीले घेऊन जिना उतरून राह्यले होते, तं कमरेत नस धरली. पोरीले पडू नाही देलं, पन आता उचलता येत नाही. काजल उचलाले गेली तं तिचा तोल जाते. पोरगी मोठी होऊन राह्यली ना जी. तवापासून ते शाळेत गेलीच नाही. बाई फोनवर अभ्यास पाठवते, अन् ते खिडकीपाशी बसून लिवते.

म्या तिले इचारलं, काहून वं माय, आमाले सांगतलं काहून नाही. तं म्हने, आबा, बाबा तुमाले पत्रात सगळं छान हाय लिवतात, मंग मी कसं सांगू.

तो कट्टा वर नेतानी म्या दर माळ्यावर खाली ठेवला अन् दम घेतला. पोरीले असं कोनी पायरीवर ठेवू शकते का?

मी सही करून राह्यलो. तुमी बी करा. नाही तं मी तुमच्या दारात येऊन बसतो, अन् मले चहा लय लागते.

तुमची माया राहू द्या.

शालिकराम

॥ श्री ॥

सक्करदरा
७ फेब्रुवारी २०२५

चि. विहंग आणि चि. सौ. काजल यांस अनेक आशीर्वाद.

शालिकरामजींनी सगळे लिहिले. त्यांच्यावर चिडू नका, मीच त्यांना उचकवले.

विहंग, तू इतका मूर्ख असशील असे मला वाटले नव्हते. कमर मोडून पलंगावर पडायचे आणि आत्याला सर्व क्षेम लिहायचे! मीही काही कमी नाही. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले की जागेवर गेल्याशिवाय नकाशा काढू नका, आणि या वेळी माझ्या नातीचा जिना मी घरी बसून कागदावर पाहिला. मला फार वाईट वाटते आहे. काल जेवण गेले नाही.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. दादा गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपत होतो. मी त्याला हेच विचारले होते, की मुलाला का वगळतोस. तो म्हणाला, विहंग पैसे उडवील ही भीती मला नाही. तो आणि काजल त्या पैशांना हातच लावणार नाहीत, ही भीती आहे. आपल्या मागे पोरीचे काय होईल म्हणून सगळे राखून ठेवतील आणि तिला उचलता उचलता स्वतः मोडतील. म्हणून मी दोन भांडखोर माणसे नेमतो, ती पिच्छा पुरवून खर्च करायला लावतील. मला तेव्हा हसू आले होते. पैसे हाती आल्यावर माझ्यातली मोजणीवाली जागी झाली आणि त्याचे बोलणे मी सोयीने विसरले. त्याने आम्हाला खर्च करायला बसवले होते रे, आम्ही राखण करत बसलो.

सही केली आहे. कर्ज काढायचे नाही. घर नूपुरच्या नावाने होईल, तेवढे माझे ऐकावे लागेल. खाली राहायला जाईपर्यंत तिला सकाळी उतरवायला आणि दुपारी चढवायला माणूस ठेवा. त्याचा पगार ट्रस्ट देईल. याच सोमवारपासून शाळा सुरू झाली पाहिजे. रविवारी मी पिशवी घेऊन येते आहे. जिना मी चढणार, मला कोणी उचलायला येऊ नये.

लोभ वाढवा म्हणत नाही. आहे तेवढा खरेपणाने लिहीत जा.

सुमतीआत्या

॥ श्री ॥

वाडी
२४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यांस,
काजलचा शि. सा. न.

तुम्ही परत गेलात आणि घर एकदम शांत झाले. नूपुर रोज शाळेतून आली की आजी कुठे म्हणून विचारते. शनिवारी एका मुलाने प्रयोगशाळेत बेडूक सोडला, ते तुम्हालाच पहिल्यांदा सांगायचे आहे म्हणते.

तुमचे पत्र यांनी त्या दिवशी दोनदा वाचले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले की बाबांनी मला ओळखले होते. एवढेच. आता मात्र तोंड सुटले आहे. मुलीच्या घरात भाडेकरू म्हणून राहायचे का, म्हणून कुरकुरतात. मी म्हटले की राहा, आणि मालकीणबाईंची मर्जी सांभाळा.

आत्या, तुम्ही होतात तेव्हा एक गोष्ट बोलायची राहिली. नूपुर झाली तेव्हा बारशाला आलेल्या एक बाई माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, जातीबाहेर लग्न केले की असे होते. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी ठरवले की कोणालाही काही कमी दिसू द्यायचे नाही. तुम्हालाही नाही आणि माझ्या बाबांनाही नाही. त्या बाई कधीच वारल्या. आम्ही इतकी वर्षे त्यांनाच उत्तर देत होतो, आणि त्यात पोरीची शाळा बुडाली.

आता असे लिहिणार नाही. आज नूपुरला सर्दी आहे, माझे डोके दुखते आहे आणि वरण करपले.

तुमचा आधार असाच राहू द्यावा.

तुमची,
काजल

॥ श्री ॥

नूपुरचे घर, तळमजला
वाडी
२९ जून २०२५

तीर्थस्वरूप सुमतीआजी आणि आबा यांस,
नूपुरचा शि. सा. न.

एकच पत्र दोघांना लिहिते आहे. आजी, वाचून झाले की कुहीला पाठव.

शाळा सुरू झाली. माझा बाक आता खिडकीजवळ आहे. आई-बाबांना मी घरात राहू दिले आहे, पण बाबा ओला टॉवेल माझ्या पलंगावर टाकतात, त्यांना नोटीस देणार आहे.

काल संध्याकाळी मी बाहेर गेले. आई शिकवणी घेत होती, बाबा आले नव्हते. दार उघडे होते. मी फरशीवरून फाटकापर्यंत गेले आणि मग वाटले, वळणापर्यंत जाऊन बघावे. तिथे ट्रक उभे असतात. वरून मला त्यांची फक्त ताडपत्री दिसायची, मागे काय लिहिलेले असते ते कधीच दिसले नव्हते. एकावर मोर होता. एकाच्या नंबरात एन एल होते, म्हणजे नागालँड. पंक्चरच्या दुकानातले धम्मानंदकाका म्हणाले की इकडे ये, तुला गंमत दाखवतो. त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली आणि जिथे भोक होते तिथून बुडबुडे आले. दुसरी ट्यूब मला बुडवायला दिली. भोक मी शोधले.

मग बाबा पळत आले. चपलाही नव्हत्या पायात. सगळ्यांसमोर जोरात ओरडले, की सांगून जाता येत नाही का, अंधार पडायला आला, कुठे कुठे शोधायचे तुला. घरी आल्यावर आई ओरडली. माझ्या वर्गातल्या सगळ्यांना अशी बोलणी बसतात, बाहेर खेळायला गेले आणि उशीर झाला की. मला आजपर्यंत कधीच बसली नव्हती.

आजी, ओरडता ओरडता बाबा रडायला लागले. मीही रडले. पण खरे सांगू का, मला आतून फार छान वाटत होते.

आठवडाभर बाहेर जायला बंदी आहे. तोपर्यंत तुम्ही दोघे माझ्यावर लोभ ठेवा, घरात सध्या माझ्यावर कोणाचाच नाही.

तुमची,
नूपुर