आरमारवाला सायब

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसले आहे, कारण जे सांगायचं ते तुम्ही समोर असताना तुमच्या या लेकीच्या तोंडून कधी निघालं नाही.

सातवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेसाठी एका इंग्रज आरमारप्रमुखावरचं भाषण पाठ करत होते. मेंढरं सावलीला बसवून तुम्ही पंधरा दिवस ते ऐकलंत. त्याचं नाव तुमच्या जिभेवर बसेना, म्हणून तुम्ही त्याला आरमारवाला सायब म्हणायचात. बाराव्या वर्षी तो जहाजावर गेला, याचं तुम्हाला काही विशेष वाटलं नाही. तुम्ही आठव्या वर्षीच मेंढरांमागे गेला होतात. जन्म समुद्रावर काढूनही त्याला बोट लागायची, उलट्या व्हायच्या, याचं मात्र फार हसू आलं. लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेली, पुढे उजवा हात गेला, तेव्हा तुमचा हात आपल्या डोळ्याकडे गेला. तुमचाही उजवाच डोळा, मेंढरांसाठी पाला पाडताना बाभळीचा काटा लागून गेलेला. आणि ती दुर्बिणीची गोष्ट तर तुम्ही रोज सांगायला लावायचात. वरिष्ठानं माघारी फिरायचं निशाण दाखवलं, तेव्हा यानं दुर्बीण अधू डोळ्याला लावली, मला काही निशाण दिसत नाही म्हणाला आणि लढत राहून जिंकला.

स्पर्धा जाफराबादला होती. मेंढरं काकांकडे सोपवून, धुतलेलं धोतर नेसून तुम्ही आलात आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलात. मी नेमकी त्या निशाणापाशी अडखळले. पुढचं काही केल्या आठवेना. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, रानात मेंढरांना हाळी देताना असायचा तेवढा मोठा: "मंग त्यानं दुर्बीण फुटक्या डोळ्याला लावली की, माय."

सगळे मागे वळले. तुमचा डोळा बघून मुली खुसखुसल्या. परीक्षकांनी विचारलं, हे तुझे कोण? ज्या डोळ्याचे मी दहा मिनिटं गोडवे गात होते, तसाच डोळा समोर होता. मी म्हणाले, "कोणी नाहीत. मी ओळखत नाही."

मग तुम्ही सांगितलेल्या वाक्यापासूनच मी भाषण खणखणीत पुरं केलं. शेवटच्या लढाईत गोळी लागून तो पडला, पण आपण जिंकलो हे ऐकूनच त्यानं प्राण सोडला. टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला.

परतताना जीपमध्ये तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसलात, गेलेला डोळा माझ्याकडे करून. माझी मान वर होत नव्हती. तुम्हीच म्हणालात, "एवढ्या लांबून मला काही ऐकू आलं न्हाई, माय. भाषण तेवढं बराबर ऐकलं." मी नुसतं हं म्हणाले. माफी तेव्हा मागितली नाही, पुढंही कधी मागितली नाही. मला लाज वाटते, आबा. त्या दिवसाची वाटते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक गप्प दिवसाची वाटते.

हे पत्र टाकायचं कुठं? वहीतच राहील. पण आजच का लिहायला बसले, तेही सांगते. मी आता जालन्याच्या एका शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी तुमचा आरमारवाला सायब मुलांना सांगते आणि दुर्बिणीपाशी मुलं खूश होतात. आज एका मुलीनं विचारलं, एका डोळ्याचा माणूस तुम्ही खरंच कधी पाहिलाय का, मॅडम?

मी फळा पुसायला वळले आणि म्हणाले, नाही.