केअर या शब्दाचे अर्थ

सोलापूर, ता. ५ जानेवारी १९३२

तीर्थरूप मामांच्या चरणी विजयमालेचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. दवाखान्यात येऊन चार महिने झाले. बायकांचा वॉर्ड आता अंगवळणी पडला, पण इंग्रजी अजून अंगावर येते. आमच्या मोठ्या नर्स दाक्षायणीबाईंनी आम्हा शिकाऊ मुलींना एकेक इंग्रजी शब्द वाटून दिला आहे. त्याचे इंग्रजीतले भाऊबंद आणि मराठीतले सगळे अर्थ जमवायचे आणि परीक्षेला बाहेरून येणाऱ्या बाईंना तोंडी सांगायचे. रोग्याच्या माणसांना समजेल असे सांगता आले नाही तर नुसते इंग्रजी घोकून काय उपयोग, असे त्यांचे म्हणणे. माझ्या वाट्याला ‘केअर’ आला आहे. आमच्या पुस्तकात पानोपानी तोच शब्द. मी ‘काळजी’ म्हणून सांगितले, तर बाई म्हणाल्या की एवढे तर कोणीही सांगेल.

परीक्षा ३ फेब्रुवारीस आहे. जोतीरामभावजींनी मला इकडे धाडताना घातलेली अट तुम्हांला ठाऊकच आहे. पहिल्या परीक्षेत नापास झाले की माळशिरसला परत जायचे, गोठा बघायचा आणि शिकण्याचे नाव काढायचे नाही. घरधनी गेल्यावर तीन वर्षे मी त्या गोठ्यात काढली, मामा. मला परत जायचे नाही. तुम्ही केमच्या स्टेशनात वीस वर्षे पार्सलच्या पावत्या इंग्रजीत लिहिता, तेव्हा भाचीला एवढी मदत करा. मामींना नमस्कार. त्यांची बोलणी खायला मिळत नाहीत म्हणून इथले जेवण गोड लागत नाही.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची
विजू


केम, ता. ८ जानेवारी १९३२

चि. विजूस रावजीमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावले. अगं, ‘केअर’ हा शब्द मी रोज पाहतो. काचसामानाच्या खोक्यांवर तो लाल अक्षरांत लिहिलेला असतो. अर्थ असा, की जपून उचला, आपटू नका. आमच्या हमालांना वाचता येत नाही, म्हणून ते आपटतात. याचेच भाऊबंद म्हणजे ‘कॉशन’, ‘चार्ज’ आणि ‘कस्टडी’. एवढ्यावर पास व्हायला हरकत नाही.

हे मी तुझ्या मामीला मोठ्या ऐटीत वाचून दाखवले, तर तिने कपाळाला हात लावला. पोरगी माणसे सांभाळायला गेली आहे की लोणच्याच्या बरण्या, असे तिने मला विचारले. इतक्या वर्षांच्या संसारात मला याहून दुसरा अर्थ सापडला नाही याचे तिला काही नवल वाटत नाही म्हणे. मग तिने स्वतःचे दोन शब्द दिले. निगा आणि उस्तवार. निगा धडधाकट माणसाचीही राखतात, उस्तवार दुखणाईताची करतात, हे तिने मला शाळेतल्या पोराला सांगावे तसे सांगितले. लिहून घे. शिवाय केसांना तेल लाव आणि रोज भाकरी पुरी खा, हेही लिहायला लावले आहे.

अभ्यासास जोर लाव. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

रावजीमामा


केम, ता. १८ जानेवारी १९३२

चि. विजूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे आमच्या एका हमालाच्या आईला मुदतीचा ताप आला आहे. घरात दुसरे बाईमाणूस नाही. तो मला विचारतो, म्हणून मी तुला विचारतो. तोंड सारखे कोरडे पडते, तर काय करावे? एकाच कुशीवर पडून असते आणि हलवले की कण्हते, तर हलवावे की नाही? करमाळ्याचे डॉक्टर येऊन जातात, पण ते औषधापुरते बोलतात. तू सविस्तर लिही, तेवढाच तुझा अभ्यास होईल.

शब्द आणखी मिळाले आहेत. देखभाल, राखण, शुश्रूषा. इंग्रजीत ‘अटेन्शन’, ‘नर्सिंग’ आणि ‘वरी’. वरी म्हणजे जिवाला घोर. डिक्शनरीत हा अर्थ पार खाली दिला आहे. तो सगळ्यांत वर हवा होता, असे मला वाटते.

मामी ठीक आहे. उत्तर लगेच धाड.

रावजीमामा


सोलापूर, ता. २० जानेवारी १९३२

तीर्थरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र दाक्षायणीबाईंना दाखवूनच उत्तर लिहिते आहे. पाणी उकळून, निववून, घोट घोट द्यावे. पेज गाळून द्यावी, दाणा पोटात जाऊ देऊ नये. मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून ओठ आणि जीभ पुसावी. कण्हली तरी दर दोन तासांनी कूस बदलावी, नाहीतर पाठ फुटते. तापाच्या पोटी रोगी चिडतो, टाकून बोलतो, त्याचा राग धरू नये. एकवीस दिवस कळ काढायची आहे, हे त्या हमालाला समजावून सांगा.

तुमचे शब्द ऐकून बाई खूश झाल्या. ‘उस्तवार’ त्यांनी फळ्यावर लिहिला. मामी ठीक आहेत एवढेच लिहिता, मग या खेपेस त्यांची बोलणी कशी नाहीत? मी काही चुकले का? रुसल्या असतील तर समजूत घाला.

तुमच्या लोभाची
विजू


केम, ता. १ फेब्रुवारी १९३२

चि. विजूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू लिहिल्याप्रमाणे सर्व चालू आहे. कूस बदलणे आता जमते. एकदा पेज करपली, परत केली. अजून एक नड आहे. तीन आठवड्यांत केसांचा पार गुंता झाला आहे. केस गुडघ्यापर्यंत लांब, फणी शिरत नाही, ओढले तर डोळ्यांत पाणी येते. मी कालपासून सुरुवात करतो आणि सोडून देतो. कापणे मनाला पटत नाही. गुंता वरून सोडवावा की खालून, तेवढे लिही.

परवा तुझी परीक्षा. चित्त ठिकाणावर ठेव. बाकी कशाचाही विचार करू नकोस.

रावजीमामा


सोलापूर, ता. ३ फेब्रुवारी १९३२

तीर्थरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आज सकाळी परीक्षेला निघताना हातात पडले. मामा, हमालाच्या म्हाताऱ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत नसतात. आणि कोणताही हमाल आईची वेणी घालायला पार्सल क्लार्कला बोलावत नाही. केममध्ये तेवढे केस एकाच बाईचे आहेत, त्यांच्या मांडीवर मी वाढले.

तशीच स्टेशनावर जाणार होते. दाक्षायणीबाईंनी हात धरून परीक्षेला बसवले. बाहेरच्या बाईंनी ‘केअर’च विचारला. मी सगळे शब्द सांगितले. उस्तवार म्हणजे नेमके काय, असे त्यांनी विचारल्यावर मला पाठ केलेले काही आठवेना. मी सांगितले, की एका माणसाने जन्मात कधी फणी धरली नाही, आणि तो आज पत्र लिहून विचारतो आहे की गुंता कुठून सोडवू म्हणजे तिला दुखणार नाही. त्याला उस्तवार म्हणतात. आणि मी बाईंसमोर रडले.

मी पास झाले, मामा. दुसरा नंबर आहे. भावजींना आजच पत्र टाकले. आता मला इथून कोणी हलवणार नाही.

पण तुमच्यावर मी फार रागावले आहे. मामींना काही झाले असते तर मी या परीक्षेचे काय केले असते? मला पाच दिवसांची रजा मिळाली आहे. शनिवारच्या गाडीने निघते. गुंता खालून सोडवा, थोडे खोबरेल लावून, मुळाशी केस धरून. ताप कसा आहे ते उलट टपाली कळवा.

रागावलेली, तरी तुमचीच
विजू


केम, ता. ४ फेब्रुवारी १९३२

चि. विजूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

ताप परवा उतरला. डॉक्टर म्हणाले की धोका टळला. तू पास झालीस हे ऐकून तुझी मामी उशीला टेकून उठून बसली. यापुढचे ती सांगते तसे लिहितो. लिहिणे माझे, बोलणे तिचे.

विजे, लई ब्येस केलंस. माझ्या बाईनं नाव काडलं. यांच्यावर राग धरू नगंस, तुला कळवायचं न्हाय अशी आण मीच घातली व्हती. तुझी परीक्षा व्हती हे खरं. पर तेवढंच कारण न्हवतं. तू आली असतीस तर माझं समदं तू केलं असतंस, आन हे आपले पार्सलच्या खोलीत जाऊन बसले असते. तीस वर्सांत या मानसानं मला कदी जेवलीस का म्हून इचारलं न्हाय. आता मला पेज पाजत्यात. माझं त्वांड पुसत्यात. केस इंचरले, निम्मे उपटले, पर इंचरले की. तापात वाटायचं, आता मी जाती. मग वाटायचं, एवढ्यात कशाला, हे बगायचं ऱ्हाईल.

हे वाक्य लिहायला मी तयार नव्हतो. तिने पेज घेण्याचे नाकारले, म्हणून लिहिले. रावजी.

तुला बगायला माझा जीव तुटतोय, पोरी. पर शनवारी येऊ नगंस. यांची रजा ऐतवारपतोर हाय. तू सोमवारी ये.

सांगणारी सोजरबाई
लिहिणारा रावजी