घोंगडीआडचा स्पीकर

तानाजीमामा, प्रांजलचा पाया पडून नमस्कार. लिहिन्यातल्या चुका पोटात घाला, आठवीला शाळा सुटली ती सुटलीच. आनि एका बोटानं टाईप करती, म्हून सकाळी धरलेलं पत्र आता दुपार झाली तरी हितंच हाय (मधी शेरडं पण सोडून आले). तुमचा गुडघा कसा हाय? पलटनीत थंडी लय आसंल. हिकडं समदी बरी हायेत, मी सोडून.

तुमी धाडलेला स्पीकर लय भारी, पर आमचं घर त्येच्या लायकीचं न्हाई. पयल्याच दिवशी गानं लावलं तर वरचा पत्रा थरथराय लागला आनि मांडनीवरची ताटं संगं वाजाय लागली. आज्जी मांजर हुडकत बसली. आज्जाला गानं आवडलं की त्यो काठी आपटून ताल धरतो, आनि गानं संपलं तरी त्येचा ताल चालूच. आबा नेमकं तवाच फोन लावत्यात, आनि बोलत्यात असं की वडूजच्या मानसाला फोनबिगर बी ऐकू जावं. (तुमच्या भनीला तवाच मिक्सर आठवतो, ते येगळं.) मग मोबाईलवर बघितलं, भिंतीला जाड कापड लावलं की आवाज गोड येतो. आपल्यात जाड म्हंजी घोंगडी. तीन भिंतीला लावली, एक आतल्या दाराला पडद्यागत सोडली, दोन खाली हातरली. आज्जी म्हनली, "बया, ही गानारी बाई घरातच बसलीया की!"

पर हातरलेली घोंगडी दिसली की आपली मानसं ओव्यांची बैठक समजत्यात, तुमास्नी ठावं हाय. शेजारचं आप्पासो चपला काढून आत, आबास्नी म्हनत्यात, "आवं अर्जुनातात्या, ओव्या हायत व्हय? सांगायचं तरी!" घटकाभरात अकरा मानसं मांडी घालून बसली. मी दारातल्या घोंगडीआड पळाले (स्पीकर बी तितंच व्हता) आनि मोबाईलवरच्या ओव्यांचं बटन दाबलं. आप्पासो इचारत्यात, "ही कुनाची ल्येक?" मग आईनं चा आनला तर म्हनत्यात, "आवं, चा आला तरी ही थांबना! वाईच घोट घिऊ द्या तिला." उठताना समद्यांम्होरं सांगितलं, येत्या रविवारी नातवाच्या बारशाला ह्यो स्पीकर पायजेच. आबा व्हय म्हनून बसलं. मामा, कायबी करून मला ह्यातनं सोडवा. स्पीकर बिघडलाय म्हून फोन करा.

तुमची भाची,
प्रांजल

ता.क. बिघडलाय म्हनू नगा. आप्पासो दुरुस्त करून आनतील.

ता.क. दुसरं. खरं सांगती. त्या दिवशी दुसऱ्याच कडव्याला चार्जिंग संपलं. घोंगडीवर बसलेली मानसं मोकळी कशी धाडायची? म्हून फुडं आडून मीच गायले. गावानं माझं 'व्हय' आनि 'न्हाई' एवढंच ऐकलंय, कुनी वळखलं न्हाई. डोळं मिटलं व्हतं, चा दिसला न्हाई. आज्जाची काठी तेवढी थांबली व्हती. तवा आप्पासोंना तुमीच सांगा, स्पीकर ऱ्हाऊ द्या, प्रांजलला बोलवा. माझ्या तोंडानं सांगवत न्हाई. फकस्त दारात एक घोंगडी सोडाय सांगा.

काळ्या मेंढीला आज दोन कोकरं झाली, दोनी पांढरी.