बाबांच्या घशातला एच-वन

सोमवार, ९ फेब्रुवारी १९८७

बाबांना ताप. १०१! आणि थर्मामीटर बघून मला चक्क बरं वाटलं. लाज वाटायला हवी — नंतर वाटेल.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगीत आठवडाभर फ्लू चाललाय. अकरा जणांच्या गुळण्या गोळा करून झाल्या, बाबा बारावे. मिठाच्या पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाले, "तीस वर्षं म्युनिसिपालिटीत काढली, पण थुंकी कुणी मागितली नव्हती." मग केल्या गुळण्या. इतक्या दणक्यात, की खालून शिवदासकाकांनी — हे सोसायटीचे सेक्रेटरी — ओरडून विचारलं, "पाणी आलं का हो नळाला?"

बाबांचं निदान: पंख्याखाली झोपल्यानं झालं. मी दोन वर्षं फ्लूच्या विषाणूवर डोकं फोडतेय, आणि घरात गुन्हेगार अजून पंखाच!

मंगळवार, १०

अंधेरीला लॅबमध्ये बाराही नमुने अंड्यांत टोचले. अकरा दिवस उबवलेली अंडी. लॅबचा मदतनीस दत्ताराम अंडं दिव्यासमोर धरतो, आतलं पिल्लू हललं की म्हणतो, "जित्ता आसा, मॅडम." मग मी टोचायचं.

आता नुसती वाट बघायची.

या विषाणूच्या जनुकांचे आठ तुकडे असतात. पेशीच्या आत सुटे सुटे तयार होतात, आणि बाहेर पडणारं विषाणूचं प्रत्येक पिल्लू बरोबर आठ गोळा करून निघतं. कसं? नीट कुणालाच माहीत नाही. मला घरातून निघताना किल्ली, पास आणि डबा एवढे तीनसुद्धा जमत नाहीत! दोन जाती एकाच पेशीत सोडल्या तर तुकड्यांची अदलाबदल होते. त्यावरून काहीतरी कळेल असा माझा होरा. पण त्यासाठी दोन्ही जाती ताज्या हव्यात — एच-थ्री आणि एच-वन. थ्री आमच्या जिन्यात लोळतोय. वन दिसत नाही. माझे गाईड नाबर सर, त्यांच्या फ्रीजमध्ये एक आहे, दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मुंबईत पकडलेला. पण तो अंड्यांत राहून राहून आळशी झालाय.

गुरुवार, १२

अंगात ताप, आणि बाबा तीन तास बाहेर! मफलर गुंडाळून. "लायब्ररीत पुस्तक बदलायचं होतं."

शुक्रवार, १३

एच-वन!! अकरा जण थ्री, आणि बारावा वन. बाबा! माझे बाबा!

चाचणीला कोंबड्याचं रक्त लागतं. आमचा कोंबडा आज दत्तारामला दोनदा चावला, तिसऱ्यांदा मला. काही वाटलं नाही.

मग नाबर सर आले. वही पाहिली. चष्मा काढला — म्हणजे वाट लागली.

"अख्ख्या बिल्डिंगीत थ्री, आणि एकट्या तुझ्या वडिलांत वन? जयंती, हा माझ्या फ्रीजमधला आहे. तुझ्या पिपेटमधून गेलाय."

म्हटलं, सर, तो फ्रीज मी महिनाभर उघडलेला नाही. म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." जनुकांचे तुकडे जेलच्या थरावर पसरून पाहिले तरी दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे त्यानंही सिद्ध होत नाही. शेवटी म्हणाले, "वडिलांना कुणाकडून आला, किंवा त्यांनी कुणाला दिला, तो माणूस आण. सोमवारपर्यंत. नाहीतर बाराच्या बारा नमुने भट्टीत."

माझी फेलोशिप मार्चअखेर संपते. नमुने गेले की कसली मुदतवाढ!

शनिवार, १४

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढला. कोण कधी आजारी पडलं, कुणाकडून कुणाकडे बाण. शिवदासकाका बघायला आले आणि भडकले. "माझ्या घरातून पाच बाण? सेक्रेटरीच्या घरातून?" त्यांचं म्हणणं, त्यातले दोन तरी शेजारच्या पद्मजाबाईंच्या दारातून दाखवावेत, कारण त्या जिन्यात शिंकतात. हा विषय म्हणे जनरल बॉडीपुढे ठेवणार आहेत.

बाबांच्या नावाला लाल पेन्सिल. ना बाण आत, ना बाहेर.

"बाबा, कुणाकुणाला भेटलात?"

"कुणाला भेटणार मी? रिटायर्ड माणूस."

संध्याकाळी लायब्ररीत गेले. म्हटलं, पुस्तकं देणाऱ्याला तरी ताप असेल. दाराला कुलूप. पाटी: मोजदादीसाठी बुधवारपासून बंद.

बुधवारपासून! आणि बाबा गेले गुरुवारी.

रविवार, १५

विचारलं. बाबा कानापर्यंत लाल झाले. तो ताप नव्हता.

"तुला विषाणू हवाय, की माझी उलटतपासणी घ्यायचीय?"

"दोन्ही!"

रडू आलं मला. सगळं सांगून टाकलं — सर, भट्टी, मार्च. बाबांनी पेपर खाली ठेवला, बराच वेळ चपला शोधल्या (पायातच होत्या) आणि शिवदासकाकांकडे फोन करायला गेले. मागोमाग काका धापा टाकत वर. "जयू, वडिलांकडे लक्ष दे गं. फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते — तू फक्त गुळण्या कर!"

सोमवार, १६

सकाळी सातला बेल. दारात पंचावन्न-साठीची बाई, नाक लाल, डोळे पाणावलेले, छातीशी थर्मास.

"मी जानकी वर्दे. चेंबूरला शिवणक्लास आहे माझा. शनिवारपासून ताप आहे. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. मिठाचं पाणीच वापरलंय, मधूनं बजावलं होतं."

मधू! आई जन्मभर 'अहो' म्हणायची.

मी म्हटलं, आत या. त्या म्हणाल्या, "नको, तुमच्या घरात अजून एक जात सोडायला नको." आणि शिंकल्या. बाबा न्हाणीघरात, कडी लावून. नळ सोडलेला, आणि पाण्याची वेळ तर टळून गेलेली — नळ नुसताच फुसफुसत होता.

जानकीबाईंनी आमची लॅब जन्मात पाहिलेली नाही. त्यांच्यात वन निघाला, तर तो बाबांच्याच घशातून गेलेला. तसं सरांना सांगितलं. सरांनी बाटली माझ्या हातून घेतली, वेगळ्या खोलीत, नवी अंडी, नव्या पिपेट, स्वतः टोचलं. मला दारातही उभं राहू दिलं नाही. फक्त विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

म्हटलं, सर, ते अजून ठरायचंय.

बुधवार, १८

झोप नाही. बाबा आणि मी मिळून वर्तमानपत्राचं एकच पान वाचतोय.

गुरुवार, १९

वन! वन! वन!

सरांनी चहाचा कप संपवला, मग म्हणाले, "हं." दत्ताराम सांगतो, अकरा वर्षांत त्यांनी असं 'हं' दोनदाच केलंय. मुदतवाढीच्या अर्जावर सही झाली. बाबांना कुठून आला ते मात्र कधीच कळणार नाही.

दत्ताराम म्हणाला, "मॅडम, म्हणजे बाबांनी तापात थयसर जावन—" आणि इतका हसला की हातातला कोंबडा सुटला. सगळी लॅब त्याच्यामागे. सरसुद्धा!

शुक्रवार, २०

तक्त्यावर लाल बाण काढला: मुलुंड ते चेंबूर. बाबा मागे उभे राहून बघत होते.

"जयू, राग आला का गं?"

"चोरून का गेलात, याचा आला. नेमका तापात का गेलात, याचा नाही. तुम्ही गेला नसतात तर मी मेले होते." मग म्हटलं, रविवारी जेवायला बोलवा त्यांना. बाबा दोनदा केस विंचरून आले, फोन करायला!

मला आज फार उदार वाटतंय. आधुनिक मुलगी! वडिलांच्या लग्नात मिरवीन, साडी निळी नेसीन, इथपर्यंत पोचलेय.

रविवार, २२

जानकीबाई जेवायला आल्या. गप्पा छान रंगल्या. मी सहज विचारलं, ओळख कधीची? बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "एकत्र... म्हणजे, नऊ वर्षं झाली."

आईला जाऊन सात झाली.

वरण वाढायचं राहिलं होतं. ते वाढलं.