चौथी हाक

प्रिय रश्मी,

लग्नाची पत्रिका मिळाली. तुझ्या नावाशेजारी कुलदीप हे नाव वाचलं आणि खरं सांगते, आधी पत्रिका उलटी ठेवली आणि मग बरं वाटलं. बल्लारपूरचा मास्तर आहे, पहिली बायको आजारात गेली, दारूबिरू काही नाही, एवढं सगळं मी तुझ्या आत्याकडून केव्हाच काढून घेतलं आहे. तेव्हा ते पुन्हा सांगायचे कष्ट घेऊ नकोस. अठरा मेला यायचंच असं तू बजावलंस, आणि पत्रिकेच्या मागे पेनाने एक ओळ लिहिलीस, "मागं काही राह्यलं नाई ना, तहसीन? असंल तं आत्ताच सांग." ती ओळ मी नऊ दिवस वाचते आहे. फोन केला असता, पण तुझा फोन तुझी वहिनी उचलते आणि माझा आवाज दुकानात बसलेल्या चार जणांना ऐकू जातो. म्हणून हा कागद. एकटी असशील तेव्हाच वाच.

दुकान चालू आहे. तुम्ही दोघं नवराबायको, तू आणि अश्वजितभाऊ, आणि मी मिळून उघडलेलं ऑनलाइन सेंटर आता मी एकटीच ओढते. सातबारा, दाखले, पोरांचे फॉर्म, म्हाताऱ्यांचे अंगठे. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक दिवसभर जातात, संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर लाल थर बसतो. तू माहेरी गेल्यावर तुझं टेबल मी हलवलं नाही, त्यावर आता अम्मीचा पानाचा डबा असतो. मार्चमध्ये माझं जुनं मशीन बसलं म्हणून नवीन घेतलं, आणि तिथेच माझ्या हातून चूक झाली. आपल्या प्रत्येक मशीनला भाऊंनी नेटवर्कचा पक्का नंबर दिलेला होता, आठवतं ना? त्यांच्या लॅपटॉपला पन्नास, तुला एकावन्न, मला बावन्न. मी नव्या मशीनला पन्नास देऊन टाकला. म्हटलं, ज्याचा होता तो दोन वर्षांमागे वैनगंगेत गेला, लॅपटॉप त्याच्याबरोबर गेला, नंबर काऊन फुकट पडून राहावा!

महिनाभर काही नाही. एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी नेट तुटलं आणि पडद्यावर सूचना आली, या नेटवर्कवर दुसऱ्या एका कॉम्प्युटरचा हाच पत्ता, म्हणजे हाच नंबर, आहे. मी हसले. अर्ध्या तासाने आपोआप सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी तेच, आणि वेळही तीच, बारा ते साडेबारा. तिसऱ्या दिवशी अकरालाच भाऊंची मशीनदुरुस्तीची वही काढून बसले. आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, रिलीज केलं, रिन्यू केलं, फ्लश केलं, रिसेटची आज्ञा देऊन मशीन बंद करून चालू केलं. वहीतला एक मंत्र सोडला नाही. बाराला पाच कमी असताना नेट धो धो चालत होतं, बाराला गेलं. समोर बसलेली रंजीता अंगणवाडीबाई म्हणाली, "मशीनले बी दुपारची झोप लागते का वो?" मी तिला हसून घालवलं.

मग मी माझ्या मशीनचा नंबर पुन्हा बावन्न केला आणि पन्नासला पिंग केलं. भाऊ त्याला पिंग कधी म्हणायचेच नाहीत, हाक म्हणायचे. मशीन चार हाका मारतं, समोरचं जागं असेल तर चार वेळा ओ येते. सकाळी घरून तुझ्या एकावन्नला हाक मारून बघायचे, तू दुकान उघडलंस का ते. घर मागच्याच गल्लीत, तरी मुलखाचा आळस! तर मी पन्नासला हाक मारली. पहिलीला ओ आली. दुसरीला आली. तिसरीला आली. चौथीला नाही. चार पाठवले, तीन मिळाले, एक हरवला. पुन्हा मारली, पुन्हा तीन. मी सतरा वेळा तीच आज्ञा दिली रश्मी, आणि सतराही वेळा तीनच. सिग्नल कमजोर असला की कधी पहिली हरवते, कधी मधली. दरवेळी चौथीच कशी हरवेल, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तू शिकलेली आहेस, तुझं होणारं सासरही शिकलेलं, पण आपल्याकडच्या कोणालाही विचार, बौद्ध असो, मुसलमान असो, गोंड असो. भर दुपारी बाराला किंवा दिवेलागणीनंतर बाहेरून हाक आली तर तीन हाकांपर्यंत ओ देऊ नये. जे माणूस नाही त्याला चौथी हाक मारता येत नाही. आमच्या अम्मीने मला हे नमाजाच्या आधी शिकवलं असेल. मी दुकानात उभी राहून कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटले आणि मग स्वतःवरच चिडले. प्रत्येक मशीनचा एक जन्माचा नंबर असतो, तो कोणी दिलेला नसतो आणि बदलत नाही. नेटवर्कवरच्या मशीनांची यादी मागवायची आज्ञा दिली. पन्नाससमोर जो नंबर आला तो वहीच्या पहिल्या पानावर भाऊंच्या अक्षरात होता. त्यांचा लॅपटॉप.

आता तूच आठव. त्या एकवीस जुलैला नदीपलीकडच्या गावात ऑनलाइनचा कॅम्प होता. पाणी चढतंय असं गुलाब डोंगेवाला म्हणत होता, घाई भाऊंनीच केली. गावातला इसरू मदतीला म्हणून बसला. डोंगा उलटताना काठावरच्या बायांनी पाहिलं, भाऊंच्या गळ्यात लॅपटॉपची ती पाणी न शिरणारी बॅग होती. गुलाब आणि इसरूची प्रेतं दुसऱ्या दिवशी सापडली. भाऊ सापडले नाहीत, बॅगही नाही.

आपल्या वायफायचा आवाका किती, दुकानाची भिंत, मधली गल्ली आणि तुझं इथलं सासर, भाऊंचं घर, संपलं. दुसऱ्या दिवशी बाराला मी शटर अर्धं ओढून निघाले. चंद्रपूर-गडचिरोलीचं ऊन तुला काय सांगायचं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, एका दारात कुत्रं पसरलं होतं, तेही माझ्याकडे बघेना. तुझ्या घराच्या पडवीत आले आणि मला आतून लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज आला. तो घर्रर्र आवाज मी झोपेतही ओळखीन, किती वेळा त्यांना म्हटलं असेल, भाऊ, तेवढा पंखा साफ करा. मी बाहेरून हाक मारली, मावशी म्हणून. उत्तर नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली. आत कोणीतरी दारापाशी येऊन श्वास घेत उभं होतं, ते मला ऐकू येत होतं. चौथ्यांदा मारल्यावर कडी निघाली.

तुझ्या सासूबाई, गिरजामावशी होत्या. मागे खाटेवर लॅपटॉप उघडा, चार्जर लावलेला, पडद्यावर तुमच्या लग्नाचा फोटो. तू त्यात डोळे मिटलेले आहेस, आणि तोच भाऊंनी हट्टाने ठेवला होता. मावशींना पासवर्ड माहीत नाही, लिहिता वाचता येत नाही, झाकण उघडलं की फोटो दिसतो एवढंच ठाऊक. तुझे सासरे, बापूरावकाका, रोज बाराला चौकात पेपर वाचायला जातात, तेवढा अर्धा तास त्या फोटोसमोर बसतात. आधी काकांच्या धाकाने महिन्या-दोन महिन्यांत कधीतरी बसायच्या, तुझ्या लग्नाचं कळल्यापासून रोज. बॅग तांदळाच्या कोठीत लपवलेली. चेनमध्ये नदीची वाळू अजून आहे.

ती त्यांच्याकडे कशी आली हे त्यांनी मला जमिनीकडे बघत सांगितलं. डोंगा उलटला त्याच्या तिसऱ्या दिवशी सगळं गाव नदीवर होतं, तू आणि काकाही. मावशी तापाने फणफणून एकट्या घरी. "बाराच्या ठोक्याले दारात हाक आली, माय म्हणून. आवाज त्याचाच. म्या ओ देल्ली नाई. दुसरी आली. तिसरी तं लय हळू आली. म्या कडीले हात लावून उभी होती बाई, चौथीची वाट पाहत. चौथी आलीच नाई." घटकाभराने दार उघडलं तेव्हा पडवीत बॅग ठेवलेली होती आणि फरशीवर ओल्या पायाचे ठसे होते. कोणाला सांगितलं नाही. काकांना तर नाहीच. जन्मभर गावाला ओरडून सांगणारा माणूस, भूत नसते, भानामती नसते. त्यांचं खरं मानलं तर दारात पोरगाच उभा होता. दीक्षाभूमीला पांढरं पातळ नेसून चालत जाणारी ती बाई, रश्मी, माझे हात धरून म्हणाली, "तुले मशीनचं समजते. पाहून सांग मले, तो जिता होता का नाई?"

दुकानाच्या सगळ्या मशीनला पासवर्ड एकच, तो लागला. मी आज्ञा लिहायची दुसरी, निळी खिडकी उघडली. तिथे वरचा बाण दाबला की आधी लिहिलेल्या आज्ञा परत येतात, कितीही जुन्या असोत. मी काहीच न लिहिता बाण दाबला. मग त्या आज्ञा ज्या फाइलमध्ये जमा होतात तिची तारीख काळ्या खिडकीत मागवली. दोन्ही खिडक्या मिटल्या, झाकण लावलं आणि मावशींना सांगितलं की मावशी, ते भूतच होतं. कोणाला तरी नदीकाठी बॅग सापडली, त्याने गुपचूप आणून ठेवली. हाक मारणारा तुमचा पोरगा नव्हता, तुम्ही दार उघडलं नाही ते ठीकच केलं. मी, जी स्वतः अम्मीला ताबीजावरून टोमणे मारते, ती एका बौद्ध बाईला अल्लाची शपथ घेऊन सांगत होते की भूत असतं. त्या रडल्या, मग दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर पोटभर जेवल्या. लॅपटॉप मी दुकानात आणला आहे.

तू विचारलंस मागे काही राहिलं नाही ना, म्हणून आता तुला सांगते. फाइलवर शेवटच्या आज्ञेची तारीख होती तेवीस जुलै, दुपारी बारा वाजून सोळा मिनिटं. म्हणजे तिसऱ्या दिवशी तो जिवंत होता. आईने दार उघडलं नाही, तेव्हा पडवीत बसून त्याने लॅपटॉप उघडला. दोन माणसं बुडवून आलो, गावाला काय तोंड दाखवू, असं काही त्याच्या मनात असेल, तो माझा अंदाज. अंदाज नाही ते एवढंच, की शेवटच्या तिन्ही ओळी एकच होत्या, एकावन्नला हाक. तुझ्या नंबरला, रश्मी. तुझं मशीन बंद होतं, तू नदीवर त्यालाच शोधत होतीस, यात तुझा काडीचाही दोष नाही. त्यानंतर तो कुठे गेला, आज आहे की नाही, हे मला माहीत नाही, आणि पन्नासवरून ती चौथी ओ का येत नाही हेही नाही. लग्न मोड म्हणून मी लिहीत नाही, कर म्हणूनही नाही. पण तुला मारलेल्या हाका माझ्या कपाटात ठेवून तुझ्या लग्नाच्या पंगतीत बसायला मला जमणार नाही. त्याची बायको तू होतीस, काय करायचं ते तू ठरव.

खोटं एकीला सांगून झालं, दुसरीला सांगवेना, ती तुझीच,
तहसीन