गिअरच्या मुठीवरची हळद

भाईंदर, मंगळवार संध्याकाळ, १९९२

म्हातारीला कामं सांगताना या घरात कोणाला लाज वाटत नाही. रविवारी जीप बघायला गिऱ्हाईक येणार, म्हणून विलासने गिअरची मूठ काढून माझ्या मांडीवर टाकली. "आई, हिला जरा चकचकीत कर."

वरचं पितळ चिंचेने घासलं, लख्ख झालं. पण खालचं चामडं दसऱ्याची पूजा झाल्यावर मीच नवं शिवलेलं. ते एवढं झिजलं कसं? विलास तर म्हणतो, श्रावणात बाबा गेल्यापासून गाडी नुसती उभी आहे, म्हणूनच विकायची. आणि शिवणीत पिवळं काय? खोबरेल चोळलं तर बोटाला हळद.

विलासने जन्मात फोडणी दिली नाही. सुनेला, सुनंदाला विचारलं, तर म्हणते, "आई, तुमच्याच हाताची असेल." माझ्या? स्वयंपाकघर हिने कधीच ताब्यात घेतलंय, मला हळदीचा डबासुद्धा सापडत नाही.

मग सुनंदा चालवते? तो ऑफिसला गेल्यावर? जाते कुठे, चेण्याला माहेरी? शिकवलं कोणी? आमच्या ह्यांनी तर नाही? मिठागरावर जीपने तिला घेऊन जायचे खरे. मला मेलं कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. रागवू कोणावर, तेच कळत नाही. विकायची म्हटल्यावर ती ताट सरकवून उठली होती, ते आत्ता ध्यानात आलं.

हळद मी पुसलेली नाही. मूठ माझ्या उशाखाली आहे, बघू गाडी कशी विकतात. उद्या चहाच्या वेळी सुनंदानेच उत्तर द्यायचं. विलासने मध्ये तोंड घालायचं नाही.