गंगाळाचा अर्थ

अमरावती
ता. ३ मार्च १९६३, रविवार

अकोल्याच्या विहीणबाई दुर्गाबाई यायले अमरावतीच्या चतुराबाईचा हात जोडून, अन् मान खाली घालून, सप्रेम जय भीम.

इकडे आमी दोघं बरे आहो. तुमचा गुडघा कसा हाये? गरम विटेचा शेक घेता का सोडून देला? व्याह्यायचा खोकला, तुमची बकरी, आपल्या नातवाचे दात, साऱ्यायची खुशाली कळवा. (नातवाले पयले खालचे दात आले असन तं बरं, वरचे आले असन तरी बरं, आपलंच पोट्टं हाये.) आमच्या प्रौढवर्गाच्या बाई म्हणतात, ‘मले’ लिहू नका, ‘मला’ लिहा. मी त्यायच्यासमोर मला लिहितो. पण तुमच्याशी बोलताना मला म्हटलं की मलेच परकं वाटते.

पत्रास कारण की, तुमच्या तांब्याच्या गंगाळाचा तपास लागला. पंचफुलानं ते हरवलं नाई, मोटारीत विसरलं नाई, कोणाले देलं नाई. ते माह्यापाशीच होतं. चार महिने माह्या अंगणात जमिनीखाली पुरलेलं होतं. अन् त्याच्यासाठी तुमी माह्या लेकीले बोल लावला, भीमजयंतीले तिले माहेरी पाठवत नाई म्हटलं, माहेरी गेली की घरचं भांडं कमी होते म्हटलं. तुमचं काही चुकलं नाई. मीच तसं लिहिलं होतं. आता तुमी म्हणसान, विहीण येडी झाली काय, चांगलं बाळंतिणीच्या आंघोळीचं गंगाळ कोणी पुरते? तं सांगतो. सारं सांगतो, मले मधात थांबवू नका.

झालं असं की आमच्या गल्लीत एकच रेडिओ, वामनरावायच्या घरचा. आमी बाया त्यायच्या ओट्याखाली उभ्या राहून ऐकत होतो. ऐन रंगात आलं की वामनराव आतून कान पिळून बंद करत अन् म्हणत, मशीन तापली. मशीन कायची तापते, माणूस तापते. एक दिवस मी तणतणत घरी आली अन् तुमच्या व्याह्यायले म्हटलं, आपण आपला रेडिओ करू. ते म्हणाले, घरात एक हाये ना सकाळपासून सुरू, तिचंच बटन मले चाळीस वर्षांत सापडलं नाई, दुसरी कायले? (त्यायचं हे नेहमीचं हाये, तुमी मनावर घेऊ नका, मीही घेत नाई.) पण माही मैत्रीण रजियाबी, तिचा नवरा बद्रुद्दीन इतवारा बाजारात रेडिओ दुरुस्त करते. रजियाबी अन् मी जिनात एका रांगेत बसून कापूस निवडत होतो, तवापासूनची ओळख. तिनं नवऱ्याले सांगितलं, चतुराले शिकवा, तिचा हात हलका हाये. अन् खरं सांगू का विहीणबाई, लाजेची गोष्ट लिहाले बसली हाये तरी इथं मले हसू येऊन राहिलं, कारण त्या दुकानात मी जशी खुश होती तशी माह्या लग्नातही नव्हती.

मोडक्या रेडिओचे सुटे भाग तिथं टोपल्यात पडलेले. मी वांगे निवडावे तसे निवडले, हातात घेऊन, हलवून, वास घेऊन. (वास कायले घेता, बद्रुद्दीन म्हणे. जळलेला भाग वासावरून कळते, हे मंग त्यालेही पटलं.) पयलं वेटोळं. पुठ्ठ्याच्या नळीवर केसासारखी बारीक तार, नव्वद वेढे, एकावर एक चढला नाई पाहिजे. बद्रुद्दीनचे चढत होते. माह्या मायच्या घरी माग होता, लहानपणी मी सुताच्या कांड्या भरल्या, नव्वद वेढे मी बोलता बोलता भरले अन् एकही चढला नाई. बद्रुद्दीननं माह्या हाताकडे पाहिलं, मंग स्वतःच्या हाताकडे पाहिलं अन् चहा मागवला. ते वेटोळं पाहाले तरी तुमी एकदा याच. बरं, ते जाऊ द्या.

मंग खडा. खड्यावर सुईसारखी तार टेकवाची, कानाले चकती लावाची अन् आवाज धुंडाचा. आठ दिवस मी टेकवली. कानात माशी फिरल्यासारखं झालं, बाकी काही नाई. बद्रुद्दीन म्हणे, खड्यानं नागपूर लागत नाई चाची, वाल लावा. वाल म्हणजे काचेची कुपी, आत बारीक तारा, खाली पाय. मी तुमच्या व्याह्यायले दुकानावर धाडलं, म्हटलं एक चांगला वाल घेऊन या, त्यायनं बाजारातून अर्धा शेर वालाच्या शेंगा आणल्या. त्या आमी खाल्ल्या. मंग मी स्वतः जाऊन वाल आणला, त्याले बॅटरी जोडली, बांबूवर तार चढवली, तं पेटी एकदम गुरगुराले लागली. कोणी तरी बोलत होतं, पण तोंडात घास घेऊन बोलल्यासारखं.

बद्रुद्दीननं येऊन कान लावला अन् म्हणे, चाची, इसको अर्थ नहीं है. बिना अर्थ का रेडिओ भोंकेगा, बोलेगा नहीं.

आता पहा, आमच्या वर्गात बाई रोज फळ्यावर शब्द लिहितात अन् म्हणतात, समोर अर्थ लिहा. मले नेहमी टोकतात, चतुराबाई, तुमाले वाचता येते पण अर्थ लागत नाई. म्हणून मले बद्रुद्दीनचं बोलणं लगेच पटलं. आवाज हाये पण अर्थ नाई, हे तं मी रोजच ऐकत होती. तो गेल्यावर मी वहीचा कागद फाडला अन् चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘रेडिओ म्हणजे दूरचं बोलणं घरात आणणारी पेटी’, अन् तो कागद घडी करून वालाच्या पायापाशी तारेखाली दाबला. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी बद्रुद्दीननं पेटी उघडली, कागद वाचला, अन् तो माणूस जमिनीवर बसला. हसता हसता त्याले खोकला लागला. मंग डोळे पुसून म्हणे, चाची, अंग्रेजी में अर्थ मतलब जमीन. पेटीतून एक तार काढाची, तांब्याच्या भांड्याले जोडाची, ते भांडं मीठ अन् कोळसा टाकून ओल्या जमिनीत पुराचं. जेवढं तांबं मोठं, तेवढा आवाज साफ. (कागद त्यानं फेकला नाई, झाकणाले आतून चिकटवला. म्हणे, असू द्या, हाही अर्थच हाये.)

पयले मी माहा पाणी प्यायचा तांब्या पुरला. घास अर्धा गिळला गेला, पण बोलणं काही फुटलं नाई. घरात दुसरं तांबं नव्हतं. म्हणजे आमचं नव्हतं. तुमचं गंगाळ मोरीत उपडं होतं. पंचफुलाच्या बाळंतपणाले तुमी एवढ्या मायेनं पाठवलेलं, काठावर तुमचं नाव कोरलेलं. ती अकोल्याले परत निघाली तवा मोटारीत गर्दी होती म्हणून मीच म्हटलं होतं, राहू दे, मागून पाठवतो. मी त्या गंगाळाकडे दोन दिवस पाहिलंच नाई. तोंड फिरवून आंघोळ केली. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आठच दिवस. विहीणबाई, चोर असाच म्हणत असन.

काठाले बद्रुद्दीननं बारीक छिद्र पाडून तार जोडली. (मी त्याले गंगाळ माहंच हाये म्हणून सांगितलं. नाव त्याले वाचता येत नाई, तो उर्दू वाचते.) खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकला, गंगाळ ठेवलं, माती लोटली, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. दुसरा वाल लावला अन् भोंगाही लावला. संध्याकाळी पाच वाजता बटन फिरवलं, अन् घरात एक माणूस स्वच्छ बोलला. कापसाचे भाव सांगत होता. पयला शब्द जो मले पूर्ण ऐकू आला, तो ‘अकोला’.

मी खुश व्हावं का मरून जावं, मले समजलं नाई. दोन्ही एकदमच झालं. गल्ली गोळा झाली. बाया ओट्याखाली नाई, घरात सतरंजीवर बसल्या. वामनरावसुद्धा आले अन् विचाराले लागले, कोणत्या कंपनीचा? तुमचे व्याही म्हणाले, कंपनी इथंच उभी हाये, चहा करून राहिली. चाळीस वर्षांत माही एवढी तारीफ त्यायनं केली नव्हती. अन् मी रोज सकाळी त्या खड्ड्यावर पाणी घालत होती, जमीन ओली राहावी म्हणून, नातवाले आंघोळ घालत होती तशीच. अन् रोज संध्याकाळी तो माणूस तुमच्याच गंगाळातून ‘अकोला’ म्हणे. मी भाव लागले की उठून चुलीपाशी जाऊन बसू लागली.

तेवढ्यात तुमचं पत्र आलं, गंगाळ पाठवा. मी लिहिलं, कल्हईले टाकलं हाये. दुसरं पत्र आलं, मी लिहिलं, कल्हईवाला गावाले गेला. तो बिचारा रोज आमच्या दारावरून जात होता, त्याच्याशी नजर मिळवाची मले चोरी झाली. तिसऱ्या पत्रात तुमी लिहिलं, काय तं एकदा खरं सांगा. अन् तवा, विहीणबाई, मी कोणत्या तोंडानं लिहिलं माहीत नाई, पण लिहिलं की कल्हईले टाकलं ते दुसरंच भांडं, गंगाळ पंचफुला सोबत घेऊन गेली, पुढं काय केलं ते तिलेच विचारा.

आता खरी लाज सांगतो. तुमाले वाचता येत नाई, अन् तुमच्या घरी आलेलं पत्र पंचफुलाच मोठ्यानं वाचून दाखवते, हे मले काय माहीत नव्हतं? पण लिहिताना मी तिकडे मनच नेलं नाई. मले चार दिवसांनी तिचं कार्ड आलं. त्यात ती रडली नाई, भांडली नाई. लिहिलं, आई, तुह्यं पत्र साऱ्यायसमोर वाचलं, एक अक्षर गाळलं नाई. सासूबाईनं विचारलं, मी म्हटलं मोटारीत विसरलं. आता जयंतीले माहेरी पाठवत नाई म्हणतात. आता तू काही लिहू नको, तुह्या शब्दाले शब्द जोडला गेला हाये. अन् खाली लिहिलं, रेडिओ लागला का?

तिले शाळेत घालाले मी जिनातल्या मुकादमाशी भांडली होती, रोज तासभर सुट्टी द्या म्हणून, तिले पोचवाले. अन् तिनं ते वाचणं काय वाचाले वापरलं, तं आईनं टाकलेला आळ. एक अक्षर न गाळता. मले तं वाटते एखादी ओळ गाळायची होती. कोणाले समजलं असतं?

कार्ड वाचलं अन् मी कुदळ घेतली. तुमचे व्याही म्हणाले, पुरलेलं धन काढून राहिली का? मी म्हटलं, हो, दुसऱ्याचं. मंग त्यायनं कुदळ माह्या हातातून घेतली. घाईत एक घाव काठाले बसला. गंगाळ हिरवंगार झालेलं, चिंच अन् राखेनं दोन दिवस घासलं, आता तुमचं नाव दिसते. छिद्र काठापाशी हाये, पाणी भरलं तरी गळणार नाई. पोचा मात्र राहिला. भांडं रिकामं पाठवू नये म्हणून त्यात उन्हात वाळवलेले ज्वारीचे धापोडे भरले हायेत. ओळखीच्या कंडक्टरच्या हातानं उद्याच्या मोटारीनं येते. ते आल्यावर साऱ्यायसमोर पंचफुलाच्या हातात द्या, एवढंच मागतो. मले काय बोलाचं ते बोला, जयंतीले या अन् तोंडावर बोला, पण तिले सोबत घेऊन या.

यापुढं मी तुमच्याशी खोटं बोलणार नाई. शाळेच्या पुस्तकावर हात ठेवून लिहिलं हाये, म्हणून ही ओळ वाकडी आली.

तुमची,
चतुराबाई

ता. क. गंगाळ काढल्यापासून रेडिओ पुन्हा गुरगुरते. बाया येतात, अन् चहा घेऊन जातात. माह्या कर्माचं फळ हाये, मी काही बोलत नाई. तुमाले फक्त कळवलं.

आणखी ता. क. पंचफुला, हे मनातल्या मनात वाच, ओठ हलवू नको. तुमच्या गोठ्यामागं कडब्याखाली तांब्याचा फुटका बंब पडला हाये, तो कोणाच्या कामाचा नाई. बद्रुद्दीन म्हणे बंब मिळाला तं दिल्लीसुद्धा लागन. येताना आणता येईन का पाहा. चोरून नाई, सासूबाईले विचारून. पण आज विचारू नको. गंगाळातले धापोडे तळून दे, खाताना हसल्या तं विचार. नाई हसल्या तं चूप राहा, मी पुढच्या वर्षी स्वतः विचारीन. अन् पोरी, तू ती ओळ गाळली असती तरी चाललं असतं. आता पुढचं मोठ्यानं वाच.

विहीणबाई, पंचफुला वाचता वाचता मधातच थांबली असन, ते माह्यं अक्षर तिले लागलं नाई म्हणून. दुसरं काही नाई.